पाठ, पडदा आणि प्रमाणपत्र

शासकीय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयी आपल्याकडे दोन वाक्ये ठरलेली आहेत. 'प्रशिक्षणावर भर दिला पाहिजे' हे एक, आणि 'प्रशिक्षणाने काही होत नाही, माणूस टेबलावर बसूनच शिकतो' हे दुसरे. बहुधा एकच अधिकारी एकाच दिवशी पहिले वाक्य सभेत आणि दुसरे चहाच्या वेळी बोलतो. माझ्या सेवाकाळात प्रशिक्षण म्हणजे वर्ग, फळा, हजेरीपट, दुपारचे जेवण आणि अखेरीस गटाचे छायाचित्र असा क्रम असे. आता फळ्याची जागा भ्रमणध्वनीच्या पडद्याने घेतली आहे आणि छायाचित्राची जागा प्रमाणपत्राने. मधला भाग, म्हणजे प्रत्यक्ष शिकणे, कोठे आहे याचा शोध घ्यावा असे मला सेवानिवृत्तीनंतर बंगळूरला राहावयास आल्यावर वाटू लागले. त्याला कारणही तसेच घडले.

आज महाराष्ट्रातला एखादा शिक्षक वा कर्मचारी भ्रमणध्वनीवर पाठ उघडतो तेव्हा त्यामागची यंत्रणा पुष्कळदा बंगळुरात घडलेली असते. शिक्षकांसाठी 'दीक्षा' हा मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला. त्याचा पाया असलेली 'सनबर्ड' ही मुक्तस्रोत प्रणाली येथील एकस्टेप फाउंडेशनने तयार केली. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या धांदलीत, आरोग्यसेवकांसाठी आणि इतर आघाडीच्या कर्मचाऱ्यांसाठी 'आयगॉट'चे पाठ याच मंचावरून देण्यात आले. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'मिशन कर्मयोगी'ला मंजुरी दिली आणि पडद्यावरचे प्रशिक्षण ही नोकरीतील नित्याची बाब झाली. त्यामुळे असे पाठ 'बनवून देणारी' अनेक लहानमोठी कार्यालये या शहरात निघाली आहेत. अशाच एका कार्यालयातून मला विचारणा झाली. महाराष्ट्रातील एका प्रशिक्षण संस्थेसाठी तलाठ्यांना (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे) फेरफाराचे काम शिकवणारा अभ्यासक्रम त्यांनी तयार केला होता, आणि मराठी व महसूल ही दोन्ही जाणणारा माणूस त्यांना बंगळुरात हवा होता.

तेथील मुले हुशार आणि मनमिळाऊ होती. कोणी मंगळूरचा, कोणी पाटण्याचा, एक मुलगी कोट्टयमची. मराठी कोणालाच येत नव्हते. मूळ मजकूर इंग्रजीत लिहून घेतलेला आणि मराठी भाषांतर यंत्राने केलेले होते. पहिल्याच पाठाचे शीर्षक होते 'जमिनीचे उत्परिवर्तन'. उत्परिवर्तन हा जीवशास्त्रातला शब्द. विषाणूचे होते ते उत्परिवर्तन. जमिनीचा होतो तो फेरफार. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द असल्याने यंत्राने बिचाऱ्याने आपल्या परीने न्याय केला होता. मी हसलो तेव्हा त्या मुलांनी कारण विचारले, आणि ते सांगताना सहज लक्षात आले की कर्नाटकात जमिनीच्या उताऱ्याला 'पहणी' म्हणतात, घराच्या नोंदीला 'खाता', आणि तालुका कचेरीत शिरस्तेदार अजून बसतो. महसुलाची भाषा दोन्ही राज्यांत इतकी जवळची असताना भाषांतर मात्र साता समुद्रापलीकडून येत होते.

शब्द दुरुस्त करणे सोपे होते. दोन दिवसांत झाले. खरी अडचण मांडणीत होती, आणि ती त्या मुलांची नव्हती, मजकूर पुरवणाऱ्या आम्हा जुन्या मंडळींच्या परंपरेची होती. अभ्यासक्रम मलिक अंबरच्या जमाबंदीपासून सुरू होत होता. मग ब्रिटिश काळ, मग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, मग व्याख्या, मग कलमे क्रमाने. प्रत्येक पाठ चाळीस-पन्नास मिनिटांचा. एक गृहस्थ टेबलामागे बसून कलम वाचतात, बाजूला तेच कलम अक्षरांत उमटते. शेवटी दहा प्रश्न, चार पर्याय, आणि प्रमाणपत्र. प्रश्न तरी कसले? 'कलम १४९ अन्वये हक्कसंपादनाची खबर किती महिन्यांत द्यावी?' उत्तर, तीन महिने. हे पाठ करून कोणीही उत्तीर्ण होईल, आणि दुसऱ्या दिवशी चावडीत बसल्यावर त्याला काहीही करता येणार नाही.

कारण चावडीत कलम येत नाही, माणूस येतो. एखादी बाई मृत्यूचा दाखला घेऊन उभी राहते आणि म्हणते, 'मालक गेले, जमीन आमच्या नावावर करा.' त्या क्षणी तलाठ्यापुढे प्रश्नांची जी रांग उभी राहते ती संहितेच्या क्रमाने नसते. अर्ज कोणत्या नमुन्यात घ्यावयाचा? सोबत काय मागावयाचे? वारस कोण, हे कोणी ठरवावयाचे? गाव नमुना ६-क मध्ये आधी लिहावयाचे की ६ मध्ये? नोटीस कोणाला? पंधरा दिवसांत कोणी हरकत घेतली तर? प्रकरण मंडळ अधिकाऱ्याकडे कोणत्या टप्प्यावर जाणार? ज्याला शिकावयाचे आहे त्याच्या मनात प्रश्न ज्या क्रमाने उठतात तोच पाठाचा क्रम असला पाहिजे, एवढे साधे तत्त्व. पण ते अमलात आणावयाचे तर शिकवणाऱ्याला आपल्या विद्वत्तेचा पुष्कळसा भाग बाहेर ठेवावा लागतो, आणि ते कोणालाच रुचत नाही.

वर्गातल्या शिक्षकाचे यावाचून भागते. एखादे वाक्य बोलल्यावर समोरच्या चेहऱ्यांवर धुके दिसले की तो थांबतो, उदाहरण देतो, पुन्हा सांगतो. त्याचा क्रम चुकला तरी चेहरे तो सुधारून घेतात. पडद्यावरच्या पाठाला चेहरे दिसत नाहीत. म्हणून जे वर्गात आपोआप घडते ते पाठ लिहितानाच आधी योजून ठेवावे लागते: विद्यार्थी कोठे अडखळेल, काय चुकीचे समजेल, आणि तसे समजल्यावर त्याला काय सांगावयाचे. व्याख्यान चित्रित केले की अभ्यासक्रम झाला, हा समज इतका चिवट आहे की त्याची पुनरावृत्ती आपण अर्धशतकभर करीत आलो आहोत.

या बाबतीत कर्नाटकाची भूमी साक्षीदार आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' नावाचा प्रयोग झाला. नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचवण्यात आले. त्यांत विजापूर, गुलबर्गा, रायचूर या भागांतली, म्हणजे आपल्या सोलापूर-सांगलीला लागून असलेल्या मुलखातली खेडी होती. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी गावासाठी कार्यक्रम असत. त्या वर्षात सुट्ट्यांमध्ये हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण दिले गेले, आणि त्यात नुसता पडदा नव्हता. पडद्याबरोबर रेडिओ, छापील साहित्य, हाताने करावयाची कृती आणि गटात बसून चर्चा, असा सारा संच होता. एका आंदण मिळालेल्या उपग्रहावर, एका वर्षाच्या मुदतीत, त्या लोकांना जे सुचले ते पुढच्या पिढीला स्वतःचा उपग्रह हाती असताना सुचले नाही.

२० सप्टेंबर २००४ रोजी 'एज्युसॅट' अवकाशात गेला. केवळ शिक्षणासाठी वाहिलेला भारताचा पहिला उपग्रह. त्याच्या तयारीचा भाग म्हणून इन्सॅट-३बी वरून जो प्राथमिक प्रयोग झाला त्यात कर्नाटकाचे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ही दोन्ही होती. उपग्रहाचे काम २०१० मध्ये संपले, आणि २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. जोडणीचे जाळे, व्यवस्थापन आणि आशयनिर्मिती या तिन्ही ठिकाणी नियोजन तोकडे पडल्याचे त्यात नोंदवले होते. आकाशात यंत्र सोडणे आपल्याला जमते. त्यावरून काय सांगावयाचे हा प्रश्न मात्र आपण 'नंतर पाहू' या सदरात टाकतो. निविदा यंत्राची निघते, पाठाची निघत नाही. आणि निघालीच तर मिनिटांच्या हिशेबाने निघते. किती तासांचे चित्रीकरण, एवढेच देयकात मोजता येते. चांगला पाठ लिहिणाऱ्याने पन्नास मिनिटांचे सहा मिनिटांत आणले तर त्याचे देयक कमी होते!

आशयाच्या मांडणीत पुढे सुधारणा झाली नाही असे नाही. सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये 'एनपीटेल' सुरू केले. प्रारंभीचे पाठ म्हणजे तासातासाची व्याख्याने, एका विषयाला सुमारे चाळीस. ज्ञान अस्सल, बोलणारे नामवंत, पण एकट्याने बसून चाळीस तास ऐकणारा विद्यार्थी विरळा. २०१४ पासून त्याच संस्थांनी अभ्यासक्रम आठवड्यांत विभागले. प्रत्येक आठवड्याला स्वाध्याय, त्याला अंतिम तारीख, शंका विचारावयाची सोय, आणि शेवटी केंद्रावर जाऊन द्यावयाची परीक्षा. प्राध्यापक तेच, विषय तेच. बदलली ती मांडणी, आणि विद्यार्थी टिकू लागले. ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या 'स्वयं' मंचानेही हाच विचार नियमात बांधला. चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वतःची परीक्षा आणि चर्चा, अशी चार अंगे प्रत्येक अभ्यासक्रमाला असावीत असे ठरले.

मला मात्र याहून जुनी गोष्ट आठवते. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. संगणक तेव्हा कोठे होता? पाठ टपालाने जात. पण त्या पुस्तकांची धाटणी नेहमीच्या पाठ्यपुस्तकाहून वेगळी होती. लेखक वाचकाशी बोलतो, आरंभी काय साधावयाचे ते सांगतो, मध्येच थांबवून प्रश्न विचारतो, उत्तर लिहावयाला जागा सोडतो आणि मगच पुढे नेतो. एकट्या शिकणाऱ्याचा विचार करून लिहिलेले ते मराठी आहे. बंगळूरच्या त्या कार्यालयात मी असे एक जुने पुस्तक नेऊन दाखवले. अक्षर वाचता येत नसतानाही त्या कोट्टयमच्या मुलीने पाने चाळून विचारले, 'या मोकळ्या चौकटी कसल्या?' सांगितल्यावर ती म्हणाली, 'म्हणजे हे कागदावरचे आमचेच काम.' तेव्हापासून आमचे जमले.

मग आम्ही वारस नोंदीचा पाठ नव्याने बांधला. प्रत्येक पाठ एका अर्जाने सुरू व्हावा, सहा-सात मिनिटांहून मोठा नसावा, आणि कलम नंतर, जेव्हा त्याची गरज लागेल तेव्हाच यावे. चित्रफीत उघडत नसेल तेथे तोच पाठ केवळ मजकूर आणि नमुन्याचे चित्र अशा रूपात उघडावा, कारण डोंगरपट्ट्यातल्या सजात जाळे मिळेलच असे नाही. या सर्वांत अधिक वेळ गेला तो एका प्रश्नावर. एक हिंदू शेतकरी मृत्युपत्र न करता वारला. मागे पत्नी, एक मुलगा, दोन विवाहित मुली आणि वृद्ध आई. जमीन त्याची स्वकष्टार्जित. वारस म्हणून कोणाची नावे घ्यावीत?

हा प्रश्न स्पष्टीकरणाच्या आधी विचारावयाचा, असा माझा आग्रह होता. मराठवाड्यातल्या एका तालुक्यातील नवीन कर्मचाऱ्यांनी तो सोडवला. मी बंगळुरातून पडद्यावर त्यांची उत्तरे पाहत होतो. मुलगा सर्वांनी घेतला. पत्नी सर्वांनी. मुली घेताना काहींनी 'विवाहित असल्याने हक्कसोडपत्र घ्यावे' असे जोडले. आई मात्र बहुतेकांनी वगळली. आणि गंमत अशी की याच मुलांनी आधीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला होता, हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ चे कलम त्यांना वाचून दाखवण्यात आले होते, त्यात पहिल्या वर्गाच्या वारसांत आईचे नाव त्यांच्या कानांवरून गेले होते. प्रमाणपत्रेही मिळाली होती.

त्यामुळे चुकीच्या उत्तराखाली काय लिहावयाचे याला आम्ही पाठापेक्षा अधिक दिवस दिले. 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' एवढे लिहून भागत नाही. आई वगळणाऱ्याच्या डोक्यात काय असते? सासू सुनेकडेच राहते, तिचे वेगळे काय, हा गावातला रिवाज असतो. म्हणून त्या उत्तराखाली आम्ही लिहिले की आई, पत्नी, मुलगा आणि मुली एकाच वेळी, सारख्याच हक्काने वारस होतात. आई कोणाकडे राहते याचा संबंध नाही. विवाहित मुलीविषयी लिहिले की हक्क सोडणे ही तिची इच्छा आहे, तलाठ्याची अट नव्हे. तिचे नाव आधी लागले पाहिजे. सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे हे न्यायालये सांगत आली आहेत, आणि ते खरेच आहे. परंतु पीककर्ज, अतिवृष्टीची भरपाई, भूसंपादनाचा मोबदला हे सारे त्यावरचे नाव पाहूनच वाटले जाते. ज्या म्हातारीचे नाव लागले नाही तिला न्यायालयाची वाट दाखवणे म्हणजे काय, हे ज्याने तालुका पाहिला आहे त्याला सांगावयास नको.

या नव्या रचनेवर प्रशिक्षण संस्थेकडून पहिला आक्षेप आला तो असा की पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण घटेल. घटलेच. आधीचा अभ्यासक्रम चित्रफीत चालू ठेवून दुसरे काम करीत पूर्ण करता येत होता. आता थांबून विचार करावा लागत होता. दरमहा वर जाणाऱ्या तक्त्यात किती जणांनी पूर्ण केला एवढाच रकाना होता. मी सुचवले की आणखी एक रकाना घालावा: अभ्यासक्रम केलेल्यांनी घेतलेल्या नोंदींपैकी मंडळ अधिकाऱ्याने किती परत पाठवल्या. ही माहिती कार्यालयात असतेच, नवी गोळा करावी लागत नाही. पुष्कळ चर्चेनंतर तो रकाना एका जिल्ह्यापुरता मान्य झाला. प्रशासनात याला मी यश समजतो.

येथे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. क्यूआर कोडच्या चौकोनाचे कौतुक तेव्हा फार झाले. पण पुरस्काराच्या निवेदनात मला अधिक मोलाच्या वाटलेल्या गोष्टी दोन होत्या. मुलींची मातृभाषा कन्नड आणि पुस्तके मराठी, म्हणून त्यांनी स्वतः भाषा शिकून घेऊन पुस्तके त्या भाषेत आणली. आणि मुलींचा प्रतिसाद पाहून त्या चौकोनामागचे पाठ व स्वाध्याय ते बदलत राहिले. चौकोन छापणे कोणत्याही शासनाला एका आदेशाने जमते. त्यामागचा पाठ बदलत राहणारा माणूस मात्र आदेशाने निर्माण होत नाही. आपणा घराबाहेरच्या मराठी लोकांना याचा अर्थ अधिक चटकन कळावा. परगावी वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती मराठीचे पुस्तक आपण देतो, तेव्हा ते मराठी घरात, मराठी रस्त्यावर वाढणाऱ्या मुलासाठी लिहिलेले असते, आणि मग मूल कंटाळले की आपण मुलाला दोष देतो.

आमच्या अभ्यासक्रमातले चौथे अंग, म्हणजे शंका विचारण्याची जागा, अजून लटकलेलेच आहे. जागा आहे, विचारणारे आहेत. उत्तर देणारे पद मंजूर नाही. वित्त विभागाला चित्रीकरणाचा खर्च समजतो. दररोज तासभर बसून शंकांना उत्तरे लिहिणाऱ्या अनुभवी नायब तहसीलदाराचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावा हे समजत नाही. तूर्त ते काम मी आणि निवृत्त झालेले दोन स्नेही वाटून करतो. ते पुण्यात आणि लातुरात, मी येथे. प्रश्न बहुधा रात्री येतात, दिवसभराची चावडी आटोपल्यावर. आलेल्या प्रश्नांवरून आतापर्यंत तीन पाठ पुन्हा लिहावे लागले. मुस्लिम खातेदाराच्या वारसांसाठी स्वतंत्र पाठ हवा, हे आम्हाला एका प्रश्नामुळेच मान्य करून घेता आले.

काल रात्री एकीने विचारले आहे: खातेदार वारला, अर्ज त्याच्या आईने केला आहे, पत्नी आणि मुलगी गावात आहेत, पण मुलगा नऊ वर्षांपूर्वी कामासाठी बंगळूरला गेला तो परतला नाही, पत्ता नाही, कोणी शोधलेही नाही. नोटीस कोणत्या पत्त्यावर काढू, आणि नाव लावू की नको? सोबत तिने अर्जाचे छायाचित्र जोडले आहे. नाव लावावयाचेच, हे सरळ आहे, कारण तो मृत असल्याचे कोणत्याही न्यायालयाने ठरवलेले नाही. नोटिशीचे उत्तर मात्र तितके सरळ नाही. लातूरच्या स्नेह्यांना दूरध्वनी केला आहे, ते जुनी प्रकरणे पाहून आज संध्याकाळपर्यंत कळवतो म्हणाले.